दाराबाहेरच्या चपला
कुणाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की मी अजून त्यातले जोड मोजायला लागते. मी नववीत होते. बाबा आमदार होते आणि पक्ष त्यांना पुन्हा तिकीट देणार की नाही, याचा फोन यायचा होता. मुलुंडच्या आमच्या घरात कार्यकर्ते दाटीवाटीने बसले होते, बादलीत झेंडूचे हार होते, आल्याचा चहा उकळून कडू झाला होता. मला माणसांची भीती वाटायची, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या चपलाच बघत राहिले. "साहेब, जरा खाली जाऊन येतो हां," म्हणत एकेक जण उठला, तो परत आलाच नाही. बाबा आतल्या खोलीत फोन हातात घेऊन बसले होते. त्यांना रिकामं दार दिसू नये म्हणून मी रॅकमधल्या आईच्या चपला, माझे शाळेचे बूट, सगळं बाहेर मांडलं. फोन आला. बाबा बाहेर आले, म्हणाले, "तिकीट गेलं." मग दाराकडे बघून हळूच हसले, "या बुटांना अजून मत नाही गं, बाळा." आता ते माजी आमदार आहेत. ऑफिसमधून आले की मी सँडल बाहेरच काढते. "रॅक कशाला घेतलाय मग?" आई ओरडते. बाबा मात्र उठून दाराबाहेरची ती जोडी सरळ लावून ठेवतात.