डोलिनाचा कोरडा परकर

"रविवारी, देवानं कामाला बंदी केलेल्या दिवशी, परकर वाळत घालतेस? लाज नाही वाटत, डोलिना?"

पाद्रीबाबा कुंपणापलीकडून ओरडत होते. मी तेव्हा नवी नवरी, शेजारच्या घरात चर्चला जायला शाल शोधत होते. शाल राहिली बाजूला, मी दाराआड कान लावून उभी.

"धुतलेला नाही, पाद्रीबाबा. हात लावून बघा, कोरडा ठणठणीत आहे."

"मग टांगलास कशाला?"

"खालून एक गेली."

"अगं, आज एकाही होडीचं जाळं पाण्यात नाही. सावध कुणाला करतेस?"

"कुणालाच नाही. 'तुम्ही आम्हाला दिसलात', एवढं त्यांना कळू दे."

परकराला हात लावायची काही पाद्रीबाबांची छाती झाली नाही.

'ते' म्हणजे पाणबुडीवाले. आमच्या खाडीच्या तोंडाशी त्यांचा तळ. माझ्या लग्नाआधी एकदा डोलिनाचा नवरा टॉर्क्विल जाळं टाकून होता, ती खिडकीत उभी. वाऱ्यानं सगळ्या पाण्याला सुरकुत्या पडलेल्या, आणि त्यातून इस्त्री फिरवावी तसा एक गुळगुळीत पट्टा होडीकडे सरकत गेला. खालच्या पाणबुडीत जाळं अडकून होडी उलटी मागे ओढली गेली, शेपटाकडून बुडाली. टॉर्क्विल सापडलाच नाही. तळावरचे म्हणाले, त्या दिवशी आमची एकही पाणबुडी तिथं नव्हती.

डोलिना रडली नाही. म्हणाली, "लपून जातात ना? बघतेच कशा जातात."

तेव्हापासून पट्टा दिसला की तिचा लाल फ्लॅनेलचा परकर दोरीवर. कोळी तो बघून जाळी ओढून घेत. तळावरूनही दिसायचा. दोरी घरामागं बांधा म्हणून सांगायला माणूस आला, तर तिनं ती हातभर उंच बांधली.

पुष्कळ वर्षांनी एका रविवारी काठी टेकत एक म्हातारा इंग्रज आला. मी तिथंच होते.

"बाई, त्या दिवशीची पाणबुडी माझी होती. आम्हाला खाली काही कळलंच नाही. माफ करा."

डोलिनानं त्याला ओटची भाकरी वाढली आणि खिडकीकडे तोंड करून बसवलं. चहावर चहा पाजला, उठू दिलं नाही. अखेर पाण्यावर पट्टा उमटला. तिनं परकर त्याच्या मांडीवर टाकला.

"जा. घाल वाळत."

अख्खं गाव चर्चमधून परतत होतं. त्या कप्तानानं बाईचा परकर दोरीवर चढवला. पोरी फिदीफिदी हसल्या. डोलिना हसली नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "आता तरी पुरे ना गं?"

"त्याचं झालं. माझं कुठं झालं?"

ती गेली त्या सकाळी पाय सुजून खांबासारखे झाले होते. मी चहा ओतत होते. तिची नजर पाण्यावर उमटलेल्या पट्ट्यावर गेली.

"मी टांगते, तू बस," मी म्हटलं.

"तुझा नवरा बुडाला का?"

भिंत धरत धरत अंगणात गेली. चिमटे दातांत, परकर खांद्यावर. टांगला, घडी सरळ केली आणि चिमटे घट्ट बसलेत ना, ते नेहमीसारखं ओढून पाहिलं.