नाक मुरडायच्या चार भाषा

आमचे हे दिघी बंदरावर जकातीचे कारकून होते. स्वराज्य आलं, तर त्यालासुद्धा त्यांनी 'ह्यॅ!' म्हटलं. दिवसभर गलबतांवरचा माल तपासायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाक मुरडायचे शब्द उचलायचे, हा यांचा छंद. संध्याकाळी ते सगळे माझ्या स्वयंपाकावर रिते व्हायचे. भाताला गुजराती व्यापाऱ्याचं 'धत् तेरी!', आमटीला नाखव्याचं 'तौबा तौबा!', सुकटीला कोळणीचं 'आक् थू!' आणि ताट मात्र चाटूनपुसून लख्ख. मेलं इतकं वाईट होतं, तर तिसऱ्यांदा भात कशाला मागायचा?

एकदा हे आठ दिवसांसाठी खाडीपलीकडे बहिणीकडे निघाले. मचवा सुटायची वेळ टळली, तशा शेजारणी आमच्या पडवीत जमल्या. मी म्हटलं, 'हुश्श!' नाखव्याची बायको म्हणाली, 'शुक्र अल्लाचा!' कोळीण म्हणाली, 'सुटलो गो बाय!' व्यापाऱ्याच्या बायकोने तर पदराने वारा घेत लांबलचक 'हाऽऽश!' सोडलं.

आम्ही मागे वळून बघतो, तर दारात पिशवी घेऊन हे उभे. मचवा चुकला होता.

शेजारणी पांगल्या. हे जेवायला बसले. आमटीलासुद्धा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ते 'हाश' म्हणजे काय गं? इतकी वर्षं बंदरावर बसतोय, कधी कानावर आलं नाही."

"कसं येईल?" मी भात वाढत म्हटलं. "तुम्ही उठून गेल्यावरच म्हणतात ते."