आबांच्या कानातली मोटर

लहानपणी मला मोटरीचा भारी राग यायचा. अमळनेरजवळच्या आमच्या गावात घराला लागूनच शेत. माझे वडील, आमचे आबा, ओट्यावर गप्पा मारत असले तरी त्यांचा एक कान विहिरीवरच्या मोटरीकडे. तिचा आवाज जरा बदलला की ओरडायचे, "पय वं पोरी, पानी सरनं! बंद कर, मोटर जळी जाई!" की मी धावत विहिरीवर. बाकी कुणाला तो फरक कळायचा नाही. आबांना त्याचा केवढा तोरा!

एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्यांच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसलं. हळद भरून, फडकं बांधून गडी पुन्हा कामाला! पाय टम्म सुजला, तापात बडबडू लागले, तेव्हा त्यांना माझ्या सासरी, धुळ्याला आणून दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, "विष रक्तात भिनतंय. जेंटामायसिनची इंजेक्शनं देतो. औषध जालीम आहे. लघवी कमी झाली, चक्कर आली, कानात आवाज आला, तर लगेच सांगा. गेलेले कान परत येत नाहीत."

आईने लघवीवर असा पहारा ठेवला की आबा वैतागले. पण ताप उतरला, सूज ओसरली. आबा रंगात आले आणि वॉर्डबॉयशी भांडू लागले, "तुमनी मोटर कोरडी चालू शे, बंद करा ना भो!" तो हसायचा, आम्हीही हसायचो. आई म्हणाली, "झाले बरे! लागले मोटरीच्या मागे."

एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, वॉर्ड चिडीचूप. आबा म्हणाले, "दखा, आजून चालूच शे!"

 वीज नाही तर मोटर कुठली? अगं बाई, ती यांच्या कानात! मी अनवाणीच डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी ते इंजेक्शन तिथंच थांबवून दुसरं औषध सुरू केलं. "कान वाचतील ना?" मी विचारलं. "बघू," एवढंच ते म्हणाले. हे कळल्यावर आबांनी मोटरीचं नाव घेणंच सोडलं. मला मेलीला त्यांचं ते भांडणच बरं वाटायला लागलं.

घरी सोडलं तेव्हा मीही सोबत गेले. आबा ओट्यावर बसले. वीज आली, मोटर सुरू झाली.  मी आत चहा गाळत होते, पण जीव सगळा ओट्यावर.

"पय वं पोरी! पानी सरनं!"

दोन लेकरांची आई मी, गाळणं तसंच टाकून पळाले. पाइपातून नुसती हवा फसफसत होती. मी लाल बटण दाबलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसून मनसोक्त रडले.