पुढच्या शॉकअपातली हवा

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. आर्वीत माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी पाइपांची थप्पी इकडची तिकडे लावतो, मनासारखी लागली की पुन्हा मोडतो. घरी जेवतानाही दोनदा उठतो. बायको म्हणते, "बाकीच्यायच्या पायाले भिंगरी असते. ह्यायच्या भिंगरीलेच पाय फुटले."

असल्या माणसाच्या हाती ती मोटरसायकल यायलाच नको होती. नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली मी ती, परदेशी बनावटीची, लांबच्या प्रवासासाठी केलेली, म्हशीएवढी अवजड. मागच्या सीटला पाठ टेकायला गादी. आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही शॉकअपांत, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांत, स्प्रिंगसोबत हवा भरायची सोय. एकटे निघालात तर हवा कमी ठेवायची, मागे माणूस बसलं तर वाढवायची. म्हणजे ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालत नाही. हवा लागते अगदी थोडी, सायकलच्या पंपाच्या चार-दोन फुंका. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं भरली तर हवा-तेल अडवणारी आतली रबरी सीलं गेलीच समजा. बरं, किती आहे ते पाहायला मीटर लावावा, तर पाहण्यातच थोडी निसटते. मग पुन्हा भरा, पुन्हा पाहा. माझ्यासारख्याला याहून जास्त काय हवं?

निघायच्या दिवशी मी अंगणात पंप मारायचो आणि बायको पिशवी घेऊन उभी राहायची. "आज तू हायेस, दोन फुंका जास्त," मी म्हणायचो. ती म्हणायची, "भरा, भरा. मी काई कापसाची गाठ नाई." मग स्कार्फ बांधून मागे बसायची. चिखलदरा, पचमढी, आणि मध्येमध्ये समुद्रपूरला माझ्या बहिणीकडे, सगळीकडे आम्ही असेच गेलो.

त्या फिरण्यात एक गोष्ट होती, जी मला फार उशिरा उमगली. घरात मी जागेवर नसतो, त्यामुळे माझ्याशी बोलायचं तर माणसाला माझ्या मागे मागे फिरावं लागतं. गाडीवर मात्र मला कुठे जाता येत नाही. म्हणून तिला जे काही बोलायचं असे ते ती गाडीवर बोलायची, माझ्या कानाशी तोंड आणून. मुलाच्या लग्नाचं, मुलीच्या नोकरीचं, माझ्या आईच्या आजारपणाचं, सगळं आमचं बोलणं रस्त्यावर झालं आहे. मुलं पुण्याला गेल्यावर तर घरात दोन माणसं, आणि त्यातलं एक पायाला भिंगरी लावलेलं.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही तिच्या माहेराहून, पुलगावहून परत येत होतो. कापसानं भरलेली एक ट्रॉली पुढे चालली होती. ती हात न दाखवता, काही न करता एकदम जिनिंगच्या कारखान्याकडे वळली. मी ब्रेक दाबला. गाडीनं नाक टेकवलं, पण थांबायला हवी तशी थांबली नाही. बायको मागून माझ्या पाठीवर आली आणि आम्ही दोघंही रस्त्याच्या कडेला जाऊन पडलो. माझं कोपर सोललं. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं. पण नंतर कुठे निघायची वेळ आली की ती सरळ म्हणायची, "तुमी जा गाडीनं. मी एसटीनं येतो." त्यावर ना तक्रार, ना भांडण. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती घाबरली, असं मी धरून चाललो. कुणीही तेच धरलं असतं. आणि भीतीवर माझ्याकडे एकच औषध होतं: पुढची बाजू इतकी ठाम करायची की तिची भीती जाईल. पण डावा शॉकअप हवा धरेना. सकाळी भरावी तर दुपारी फुस्स. मी रोज उठून पंप मारू लागलो, रोज मीटर लावू लागलो. परदेशातून सीलं मागवली, ती भलत्याच मापाची निघाली. रोज नवे व्हिडिओ पाहायचो आणि दुकानात गिऱ्हाइकाला अर्ध्यातच सोडून मोबाइल काढायचो. बायको चहाचा कप आणून ओट्यावर ठेवायची. मी म्हणायचो, "पाह्य, आज टिकली हवा." ती "हं" म्हणायची आणि आत जायची. दुपारपर्यंत हवाही जायची.

खरं सांगायचं तर ती नाही, मीच घाबरलो होतो. ती मागे बसली नाही तर आमचं बोलणं संपलं, हे मला दिसत होतं. सहा खोल्यांच्या घरात आम्ही "मीठ कमी हाये का?" आणि "गॅस आला का?" एवढ्यावर आलो होतो. मी आणखी जोरानं पंप मारत होतो.

होळीच्या आधी तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. ती एसटीनं गेली, मी गाडीनं. पुलगावला उतरल्यावर पाहुण्यांत बसायचं सोडून मी गाडी एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. हा तोंडानं हातापेक्षा जास्त काम करणारा माणूस. त्यानं व्हॉल्व्ह दाबून उरलीसुरली हवा सोडली आणि म्हणाला, "भाऊ, ह्या म्हाताऱ्या गाडीत हवा कायले भरून राह्यले? काढून टाका तो कारभार. स्प्रिंगच्या वरतून पाइपाचा तुकडा टाकतो. स्प्रिंग पयलेपासूनच दबून राहीन. नवीन सील, नवीन तेल. हवेचं नाव नाई."

"कोणता पाइप?"

"पाण्याचा. तुमच्या दुकानातलाच."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी अर्ध्या जगातून सामान मागवत बसलो होतो आणि औषध माझ्याच थप्पीत पडलं होतं, जी मी रोज लावत आणि मोडत होतो. मिस्त्री पोट धरून हसला. मला राग आला, पण हसूही आलं.

त्यानं दोन्ही शॉकअप खोलले. मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. त्यानं मला दोनदा स्टुलावर बसवलं, मी दोनदा उठलो. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. मी पंगतीत नाही म्हटल्यावर कुठे असेन हे तिला सांगावं लागत नाही.

मिस्त्रीनं पाइप धरला, आरी लावली आणि मान वर केली. "कितीचा कापू? एकट्यासाठी का दोघांसाठी? हवा होती तवा कमी-जास्त करता येत होती. ह्याचं तसं नाई. दोघांसाठी लांब ठेवला तर एकटे असले की हात दुखतीन. आखूड कापला तर मांगं माणूस बसल्यावर दबन. काय ते एकदाच ठरवून सांगा."

मी बायकोकडे पाहिलं.

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "एकट्यासाठीच कापा. माह्या वजनानं एकदा पडली गाडी, तेवढं पुरे झालं."

मी स्टुलावर बसलो. कुणी न सांगता बसलो. इतके महिने रोज सकाळी अंगणात मी फुंका मारत होतो आणि ती खिडकीतून प्रत्येक फुंकेत स्वतःचं वजन मोजत होती. आज तू हायेस, दोन फुंका जास्त. आणि माझी अक्कल पंपाच्या नळीत अडकलेली.

"कोण म्हणते वजनानं?" मिस्त्री म्हणाला. त्यानं डाव्या बाजूचं जुनं सील उचललं आणि तिच्यापुढे धरलं. त्याची कड फाटलेली होती. रबर वाळल्या पोळीसारखं कडक झालेलं. मग ब्रेकचा पॅड दाखवला, तेलानं काळा पडलेला. "वयनी, इथून तेल गळून ब्रेकवर आलं. ब्रेक पकडनच कसा? भाऊ एकटे असते तरी पडले असते."

तिनं ते सील हातात घेतलं. बोटांना तेल लागलं तरी सोडलं नाही. मग माझ्याकडे वळली. "तुमी मले काऊन नाई सांगितलं?"

"मले तेलाचं मालूमच नव्हतं. अन् तू असं धरून बसली हायेस, हे कोठून मालूम राहीन? मले वाटलं तू भेली."

"भेली असती तर एसटीत बसली असती का? तो ड्रायव्हर तुमच्याहून जोरात हाणते." तिचे डोळे भरून आले होते. ते लपवायला ती डब्याकडे वळली. "तुमाले सांगावं कवा? तुमी कधी जाग्यावर असता?"

मिस्त्री आरी धरून तसाच उभा होता.

"दोघांसाठी काप," मी म्हटलं.

तिनं नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी गाडी तयार झाली. मी हँडल धरून दाबून पाहिलं. पुढची बाजू कडक होती, उगाच खाली जात नव्हती. व्हॉल्व्हच्या टोप्या जागच्या जागी होत्या, पण त्यांच्याकडे आता काही काम नव्हतं. तिनं स्कार्फ बांधला, पायरीवर पाय ठेवला आणि थांबली.

"बसू?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. "बस," मी म्हटलं.

पुलगाव मागे गेलं. पडलो होतो ती जिनिंगची जागा आली, तिथं कडेच्या बाभळींना अजून कापूस चिकटलेला होता. ती जागाही गेली. मग माझ्या कानाशी तिचा आवाज आला. दिवाळीपासूनचं सगळं होतं त्यात. हाड दुखायचं त्या रात्रींचं, सूनबाईच्या फोनचं, एसटीत भेटलेल्या बाईचं, आणि माझ्यावरच्या रागाचं, जो बराच होता. मी "हो" म्हणत होतो. माझ्या हातांना खड्डे लागत नव्हते.

आर्वी आली. आमच्या घराचं वळण आलं. तिचं बोलणं संपलं नव्हतं. मी वळलो नाही.