रिकाम्या गाडीचं वजन

पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी आम्ही वडवणीहून सहकारी साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचो. काट्यावर भरलेली बैलगाडी मोजत आणि ऊस उतरवला की रिकामी पुन्हा मोजत. रिकामी गाडी काट्यावर चढण्याआधी आई पाण्याची घागर उतरवायची आणि मलाही दंडाला धरून ओढायची. "उतर की गं खाली! तुजं वजन उसातून कापतेत."

आता मी प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशींना चमकणारी प्रतिपिंडं लावते; पेशीवर हवी ती खूण असली की ती तिला चिकटतात. शेजारच्या नळीत त्याच पेशींवर मात्र मुद्दाम अशी प्रतिपिंडं घालते, जी चमकतात पण पेशीवरचं काहीच ओळखत नाहीत. उगाच चिकटलेली चमक किती, ते त्या नळीवरून कळतं आणि तेवढी पहिलीतून वजा करायची.

त्या दिवशी पहिल्या नळीतल्या पेशी अशा झगमगल्या, की शेजारी काम करणारी मैत्रीण पेढे आणायला निघाली.

"गप बस! रिकामी गाडी मोजायची राहिलीय," मी खेकसले. तिला काही कळलं नाही. यंत्र दुसऱ्या नळीतल्या पेशी ओढून घेत होतं आणि मी त्याच्या पडद्यासमोर सरकले.

पडद्यावर ठिपके उमटले, पहिल्या नळीइतकेच उजळ. रिकामी गाडी वजनाला भरलेल्या गाडीएवढीच भरली होती.

ऊस नव्हताच.