डाळिंबाचा कांदा

आता तुमच्यापासून लपवून काय उपयोग? तसेही अर्ध्या सोलापूरला ठाऊक झालेले आहे. मी अत्यंत सावध मनुष्य आहे, आणि माझी फजिती झाली ती नेमकी या सावधपणामुळे. चहा घ्या, सांगतो.

मी संगणकशास्त्रात एम.एस्सी. करतो. प्रकल्प म्हणून पायथॉनमध्ये एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे हो! दुसऱ्याला आयता वापरता येईल असा प्रोग्रामचा संच. त्याला चित्र द्यायचे. तो चित्राच्या बारीक चौकटी पाडतो आणि कोणत्या चौकटीत कोणते सूत यावे, ते मागाला सांगतो. रंग ओळखण्याचे काम मात्र भलत्याच कोणीतरी लिहिलेले एक अवजड पॅकेज करते.

ते पॅकेज एखाद्याच्या संगणकावर नसले तर? माझ्यासारखा दक्ष माणूस हा विचार केल्यावाचून राहील काय? मी तजवीज केली. पॅकेज सापडले, तर रंगीत काम. न सापडले, तर गाजावाजा न करता नुसत्या गडद आणि फिक्या अशा दोन छटा. चूक झाल्याचा संदेश नाही की साधी सूचनाही नाही! आमच्या सरांनी विचारलेही, "अरे, पण वापरणाऱ्याला कळणार कसं?"

मी विनयाने म्हणालो, "सर, कळण्याची गरजच पडणार नाही."

माझा मित्र श्रीनिवास, घरचा सिन्या. त्याचे वडील नरसय्याकाका, त्यांचा टॉवेलचा कारखाना. पुण्याचा एक हॉटेलमालक नमुना पाहायला येणार होता. सोलापूरची ओळख दिसेल असे काहीतरी हवे, एवढेच त्याने सांगितले होते. पसंत पडले तर वर्षभराचे काम. नाही तर ते काम शेजारच्या कारखान्यात जाणार. काकांनी डाळिंब ठरवले. लाल फळ, हिरवी पाने. आणि चित्राचे काम विश्वासाने माझ्यावर सोपवले.

मालक येणार त्याच दिवशी सकाळी मी कारखान्याच्या संगणकावर लायब्ररी बसवली. पडद्यावर डाळिंब उमटले. काळपट आणि पांढुरके.

"एमिरा प्रोफेसर," काकांनी तेलुगूत हटकले, "काय रे, लाल कुटं गेलं?"

"काका, मॉनिटर जुना आहे."

"सिन्या ह्याच्यावरच क्रिकेट बघतोय की! तवा मैदान हिरवं दिसतंय!"

"काका, काही चुकले असते, तर लायब्ररीने तसे सांगितले असते," मी ठामपणे म्हणालो.

पाहा! तिचे तोंड मीच शिवले होते, आणि तिच्या मौनाचा दाखलाही मीच देत होतो!

फाइलीत दोनच सुतांचा हुकूम होता. काकांनी कुरकुरत गडद भागाला निदान लाल सूत तरी लावले. माग चालू झाला. फळ लाल, पाने लाल, वरचा मुकुटही लाल. श्रीनिवासने नमुना उजेडात धरला.

"हे डाळिंब हाय की कांदा रे?"

मी धावत जाऊन संगणक तपासला. रंगांचे पॅकेज तिथे नव्हतेच! माझ्या लॅपटॉपवर ते पहिल्यापासून होते, म्हणून त्याच्यावाचून काय घडते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. दक्ष मनुष्य!

"काका, थोडा वेळ द्या, मी पुन्हा..."

"वेळ कुटला आणू? साहेब आले की दारात!"

पुण्याचे साहेब आत आले. त्यांनी टॉवेल उचलला, लांब धरला, जवळ धरला. काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

"वा!" साहेब म्हणाले. "कांदा!"

मी पुढे झालो. "क्षमा करा, वस्तुतः ते डाळिं..."

माझ्या पायावर काकांची टाच पडली. "कांदाच हाय की साहेब! सोलापूरचा कांदा! लई डोकं लावून केलाय!"

"टॉवेलांवर मोर बघून बघून कंटाळलो होतो हो. आमचं हॉटेल झुणका-भाकरीचं, कांद्याशिवाय ताट हलत नाही. बेसिनपाशी हाच टॉवेल लावू. काम तुमचं!"

मग काय विचारता! काकांनी मला खांद्याला धरून साऱ्या कारखान्यातून मिरवले. "आमचा प्रोफेसर! ह्यानं केला कांदा!" खडखडणाऱ्या मागांमधून मी विजयी वीरासारखा चाललो होतो. लंगडत, पण विजयी!

तरीही मन स्वस्थ बसेना. मी लायब्ररी दुरुस्त केली. आता पॅकेज नसेल, तर ती तिथेच थांबते. काय नाही आणि ते कसे बसवायचे, हे स्पष्ट सांगते. नवी आवृत्ती कारखान्यात बसवून आलो. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन.

"प्रोफेसर, हे रंगाचं पॅकेज बसवा म्हणून अडून बसलंय की!"

"अगदी योग्य, काका! ते ऐच्छिक आहे, परंतु..."

"ऐच्छिक म्हंजे?"

"म्हणजे तुमची इच्छा असेल तर."

"माझी इच्छा न्हाय! मला कांदा पायजे!"

अखेर मी दोन्ही पद्धती उघडपणे दिल्या. दोन छटा हव्यात की रंग, हे वापरणाऱ्यानेच सांगावे. रंग मागितले आणि पॅकेज नसले, तरच लायब्ररी अडवेल. काकांचे पाहून गल्लीतल्या सगळ्याच कारखान्यांनी ती बसवून घेतली. विभागात मी छाती फुगवून हे सादर केले. सरही खूश झाले.

"उत्तम! आता कुणाला अंधारात ठेवत नाहीस. दोन छटा कोण वापरतं?"

"सर, सगळी गल्ली!"

"आणि रंगीत पद्धत? मेहनत तर तुझी सगळी तिच्यातच आहे."

"तीही वापरात आहे, सर. एक जण नियमित वापरतो."

"कोण?"

"मी, सर."