फूफींचा इस्तिखारा

माझ्या सासूबाई रोज पहाटेच्या नमाजानंतर कुराण उघडून बसत आणि ओळींखालून बोट फिरवत वाचत. नात्याने त्या आधी माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण, म्हणून लग्नानंतरही मी त्यांना फूफीच म्हणत राहिले. एका सकाळी चहा घेऊन गेले, तर तोंडी एक सूरह आणि बोट भलत्याच पानावर. पाठ असलेले म्हणत होत्या. माझे थबकणे त्यांना कळले असावे. "दिसत नाही म्हणून बोट फिरवायचेही सोडू की काय?" असे वर मलाच सुनावले.

आमचे घर मूळ दापोलीकडचे. फूफींचे सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले आणि पाणीगेटजवळ कायमचे राहिले. घरात मराठी, गल्लीत गुजराथी, मशिदीत उर्दू असा आमचा कारभार. मी कारेलीबागेतल्या एका शाळेत शिकवत असे. घरोघरी रंगीत टीव्ही आणि केबल येण्याचे ते दिवस होते. आमच्याकडेही आली. फूफी टीव्हीकडे पाठ करून बसायच्या आणि आम्ही समजायचो, म्हातारीला हे थेर आवडत नाहीत. खरे तर त्यांना ते दिसतच नव्हते.

मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बुबुळे जुन्या जखमांनी पांढरी झाली आहेत, औषधाचा उपयोग नाही. कोणी मरणोत्तर नेत्रदान केलेले बुबुळ बसवले, तर निदान एका डोळ्याने दिसेल. फूफींनी बुरखा सावरला आणि मला म्हणाल्या, "घरी चल."

त्यांचे म्हणणे साधे होते आणि मला ते खोडता येत नव्हते. कयामतीच्या दिवशी माणसाचे हातपाय, कान, डोळे स्वतःच साक्ष देतात, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. "मग हा डोळा कोणाची साक्ष देणार? माझी की मेलेल्याची? त्याने जन्मभर काय काय पाहिले असेल ते मी कशाला अंगावर घेऊ?" आणि देणाऱ्याचेही त्यांना पटत नव्हते. शरीर ही अल्लाहची अमानत, ती जशी मिळाली तशी परत करावी, मय्यतीला कापाकापी कसली? माझ्या थोरल्या दिरांनी मान डोलावली. माझे पती आईपुढे कधी बोलत नसत, ते तेव्हाही बोलले नाहीत. मी मौलानांना विचारून आले. ते म्हणाले, यात उलेमांची दोन मते आहेत. काही नाजायज मानतात, काही गरज असेल तर परवानगी देतात. मला त्यांचा रागच आला, कारण मी हो किंवा नाही ऐकायला गेले होते. खरे सांगायचे तर भीती मलाही होती. फूफींना मी समजावत होते, पण कोणी माझे डोळे मागितले असते, तर मीही बुरखा सावरून घरी निघाले असते.

शेवटी फूफींनी इस्तिखारा करायचे ठरवले. कोकणात शेजारीपाजारी देवळात कौल लावत, तसे आमच्यात इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढायची, माझ्यासाठी जे भले असेल तिकडे मला ने, अशी दुआ मागायची आणि निजायचे. कोणाला स्वप्न पडते, कोणाचे मन आपोआप एकीकडे कलते. फूफींना यातले काही झाले नाही. रोज सकाळी मी विचारले की म्हणत, "छान झोप लागली."

पहिल्याच दिवशी मी दवाखान्यात फूफींचे नाव आणि शेजारच्या काकूंचा फोन नंबर लिहून दिला होता. अशातच त्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला. बुबुळ मिळाले आहे, लगेच या, ते फार दिवस टिकत नाही, तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या पेशंटला देऊ. "आपण नुसते जाऊन डॉक्टरांना काय ते सांगून येऊ," असे म्हणून मी फूफींना रिक्षात बसवले. काय सांगायचे हे दोघींनीही बोलायचे टाळले.

दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते. फूफींच्या हातातली तसबीहची माळ पाहून ते गुजराथीत म्हणाले, "माजी, एक वात पूछुं?" म्हणजे आई, एक विचारू का? ते करजणचे. त्यांची तरुण मुलगी हायवेवर अपघातात गेली, त्याला काही महिने झाले होते. इस्पितळात कोणीतरी डोळ्यांबद्दल विचारले आणि त्यांच्या तोंडून हो निघून गेले. आता गावातले लोक नाही नाही ते बोलत. बायको तर बोलायचीच थांबली होती. बाजाराला बडोद्यात आले की ते या बाकावर येऊन बसत आणि पट्टी बांधलेली माणसे बघत. डोळे कोणाला दिले ते दवाखाना सांगत नाही, हे त्यांना माहीत होते, तरी बसत.

"लोक काही म्हणोत," ते म्हणाले. "पण माजी, कयामतीच्या एवढ्या गर्दीत माझी पोर मला शोधणार कशी?"

एवढे बोलून ते रडू लागले. फूफींची तसबीह थांबली. मग आवाजाच्या दिशेने वळून त्या म्हणाल्या, "जुओ भाई, पहिल्यांदा तिला डोळे कोणी दिले? तुम्ही दिले होते का?"

"ना, माजी."

"ज्याने काही नसताना दिले, तो मातीतून उठवताना विसरेल? तुमच्या आधी तीच तुम्हाला शोधेल."

"पण आता ते डोळे साक्ष कोणाची देणार?"

हा तर फूफींचाच सवाल. फूफींनी तसबीहचा एक मणी पुढे ढकलला.

"तिने पाहिले ते तिचे. पुढे जो कोणी बघेल, ते त्याचे," त्या सावकाश म्हणाल्या. "आपला गोंधळ होईल. अल्लाहचा कशाला होतो?"

ते गृहस्थ डोळे पुसून, सलाम करून बाजाराच्या वेळेला निघून गेले. फूफी तशाच बसून होत्या. मग माझा हात चाचपून धरत म्हणाल्या, "पोरी, मी काय बोलले ते ऐकलेस ने? आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? चल, डॉक्टरांना सांग."

ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर फूफींनी आधी माझ्याकडे पाहिले आणि "वाळलीस ग," म्हणाल्या. मी तिथेच रडले. हळूहळू बोट आणि पान यांचे पुन्हा जमले.

तपासणीला मात्र त्या बाजाराच्या दिवशीच जायचा हट्ट धरत आणि त्या बाकावर बसून राहत. दोनतीनदा आम्ही नुसत्याच परतलो. मग एकदा ते गृहस्थ आले. फूफींनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, आवाजावरून ओळखले. बुरख्याची जाळी वर करून त्यांनी तोंड पुढे केले.

"बघा," म्हणाल्या. "तुमच्या पोरीचा नव्हे हं हा. पण तिचाही असाच कोणाकडे तरी बघत असेल."

ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी फूफींच्या डोक्यावर हात ठेवला. वयाने ते लहान होते, तरी ठेवला, आणि फूफींनी ठेवू दिला. म्हणाले, आज घरी जाऊन बायकोला सांगतो.

फूफी शेवटपर्यंत त्या डोळ्याने कुराण वाचत होत्या. त्या डोळ्याच्या पहिल्या धन्यासाठी रोज दुआ करायच्या. नाव ठाऊक नाही म्हणून 'ज्याचा त्याला ठाऊक' असे म्हणायच्या. आपण उत्तर स्वप्नात शोधत राहतो. अल्लाहने ते फूफींच्या तोंडूनच काढून घेतले, तेही दुसऱ्याचे अश्रू पुसता पुसता. हे आठवले की माझे मन भरून येते.

माझ्यामागे माझे डोळे द्यावेत, असे मी मुलांना सांगून ठेवले आहे. थोरल्या दिरांना ते अजून पटलेले नाही. परवाच म्हणाले, निदान एकदा इस्तिखारा तरी करून बघ. मी म्हटले, भाईजान, माझा फूफींबरोबरच झाला.